गच्चीवरचं मटण

आमचे घरमालक मांजरालासुद्धा अहो-जाहो करत. "मांजर आलेत, दूध झाकून ठेवा," अशी हाक त्यांच्या स्वयंपाकघरातून आली की पहिल्या काही दिवसांत मला वाटायचं, कुणीतरी पाहुणे आलेत. दूधवाला, घंटागाडीवरची बाई, चेंडू मागायला आलेली पोरं, सगळ्यांना 'तुम्ही'. मला 'मॅडम'. एकदा त्यांनी झुरळाला "अहो, इकडे कुठे?" असं विचारलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. अर्थात विचारून झाल्यावर चप्पल हाणलीच.

गंगापूर रोडपासून आत वळल्यावर एका जुन्या कॉलनीत त्यांचं बैठं घर होतं. वर गच्ची, गच्चीवर एक खोली, आणि त्या खोलीत मी. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली होती. मूळची मी कराडकडची. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि अटी सांगितल्या. मोठ्याने गाणी नकोत, नळ थेंब थेंब गळता कामा नये आणि वर अंडंसुद्धा शिजणार नाही.

"का?" मी विचारलं.

"आमचं घर शाकाहारी आहे. मी निरीक्षणाअंती सोडलं. आमची ही तर पहिल्यापासूनच खात नाही."

'आमची ही' म्हणजे काकू. त्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.

सर एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते, पण विज्ञान त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. प्रयोगवहीत असतं तसं त्यांचं सगळं आयुष्य उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशा खणांत भरलेलं होतं. दूध आलं की आधी त्यात दूधमापक सोडायचा, मग दूधवाल्याकडे बघायचं. तुळशीजवळच्या खांबाला थर्मामीटर टांगलेला. थंडीत ते पहाटे उठून पारा बघत आणि ज्याला ऐकायचं नाही त्यालाही सांगत. निफाडला आपल्यापेक्षा पारा खाली गेला की त्यांना जरा अपमानच वाटे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मत नको, निरीक्षण सांगा." आज फार उकडतंय म्हणायची सोय नव्हती. भाजी छान झाली म्हणायची सोय नव्हती. "छान हे तुमचं मत झालं, मॅडम. मीठ, तिखट, शिजणं, यातलं काय ते बोला." काकू भाजी वाढत असत आणि काही बोलत नसत. मला वाटायचं, बाई मुळातच अबोल आहे. आता वाटतं की ज्या घरात मत चालत नाही तिथे बोलायला फारसं काही उरतही नसावं.

अंड्यांचं काय केलंत, असं कुणी विचारेल म्हणून सांगते. मी ती चहाच्या इलेक्ट्रिक किटलीत उकडत होते. टरफलं कागदात गुंडाळून पर्समधून थेट सिन्नरला. आपल्या हुशारीवर मी खूश होते.

तर काकूंना झटका आला. सकाळी देवपूजा करताना त्या एका अंगावर कलंडल्या. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं जड झालं. दवाखान्यातून घरी आल्यावर हळूहळू शब्द कळायला लागले, पण जेवण मात्र पार तुटलं. चावता येत नव्हतं, पातळ दिलं तर ठसका लागायचा. मऊ भात, खिमट, कुस्करलेलं केळं, सगळ्याला एकच उत्तर, "नको." दोन घास झाले की त्या तोंड मिटून भिंतीकडे वळायच्या. मुलगी बेंगळुरूला होती. ती येऊन राहिली, रडली, रजा संपल्यावर गेली. काकू दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. गळ्याची हाडं वर आली होती.

डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, की हे असंच चाललं तर पुढच्या सोमवारी नाकातून नळी घालावी लागेल. सांगताना दार उघडं होतं. काकूंनी ऐकलं. त्या एवढंच म्हणाल्या, "नळी नको. तसंच जाऊ द्या मला."

सर बाहेर जाऊन तुळशीजवळचा थर्मामीटर बघत उभे राहिले.

त्याच आठवड्यात काकूंचे भाऊ, आम्हा सगळ्यांचे मामा, भेटायला आले. सिन्नरजवळच्या खेड्यात त्यांची शेती. टोमॅटो आणि कोथिंबिरीची पिशवी घेऊन आले, बहिणीच्या पायाशी बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "दाजी, हिला मटणाचा रस्सा दिला का?"

"मटण?" सर म्हणाले. "ही मटण खात नाही."

"कोण, ताई?" मामांना हसू आलं. "आवं, दिवाळीला माहेरी आली की पयल्या दिवशी मटण शिजायचं ते हिच्यापायी. नळी फोडायला हिच्याइतकं कोणी पटाईत नव्हतं आमच्यात. तुम्हाला ठाऊक नाय?"

सर काकूंकडे बघत राहिले. काकूंनी डोळे मिटून घेतले होते. मामांच्या लक्षात आलं, की आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो. त्यांनी टोमॅटोच्या भावाचा विषय काढला.

मी त्या वेळी चहाचे कप उचलत होते. एखाद्या माणसाला चाळीस वर्षांनी कळावं की आपली बायको मटण खाते, आणि तेही मेहुण्याकडून, हा प्रसंग तसा हसण्याजोगा होता. पण सरांचा चेहरा बघून मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले तर माझ्या खोलीसमोर, गच्चीवर, एक टेबल मांडलेलं. त्यावर जुना गोल इलेक्ट्रिक ओव्हन, ज्यात काकू दिवाळीला नानकटाई करत. जिन्यातून खेचत आणलेली लांबलचक वायर. शेजारी गॅसची छोटी शेगडी, कुकर, एक लांब चिमटा. आणि या सगळ्यामागे पांढरा प्रयोगशाळेचा कोट घालून सर.

"या मॅडम. तुमची गरज आहे."

"कशाला?"

"चव बघायला. मी खात नाही. तुम्ही खाता."

मी म्हटलं, "नाही हो सर, मी कुठे..."

"मॅडम, पस्तीस वर्षं मी मुलांसमोर हायड्रोजन सल्फाइड तयार केला. उकडलेल्या अंड्याचा वास मला कळणार नाही असं तुम्हाला वाटलं? रविवारी तर दोन-दोन असतात."

मी खाली बघितलं. त्यांनी तो विषय तिथेच संपवला आणि मोबाइल पुढे केला. त्यात एक परदेशी बाई हसत हसत खिम्यावर बटाट्याचा थर लिंपत होती. सरांनी 'न चावता खाण्याचं मटण' असं काहीतरी शोधलं होतं आणि शोधता शोधता थेट विलायतेला पोचले होते. शेफर्ड्स पाय. खाली मऊ शिजवलेला खिमा, वर लोणी-दूध घालून घोटलेला बटाटा, आणि मग वरून खरपूस होईपर्यंत भाजायचं. तिखट नाही, हाड नाही, चावायचं काम नाही.

"उद्देश, रुग्णाच्या पोटात अन्न जाणे," सर म्हणाले. "कृती सुरू करू."

खिमा त्यांनी स्वतः आणला होता. कॉलनीत सगळे त्यांना शाकाहारी म्हणून ओळखत, म्हणून ते भर दुपारी छत्री उघडून दुकानात गेले. पाऊस नव्हता. ताकाला जाऊन भांडं लपवायचा तो प्रकार जेमतेम दुकानाच्या पायरीपर्यंत टिकला, कारण गल्ल्यावरचा दुकानदार त्यांचाच विद्यार्थी निघाला. "सर, तुम्ही? तब्येत बरीय ना?" म्हणत तो उठून उभा राहिला आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर वाकून पाया पडला. "काय देऊ, सर?" सर म्हणाले, "तुमच्याकडचं सर्वांत चांगलं ते द्या." त्याने बोकडाची मांडी काढली आणि खिमा दोनदा दळून दिला.

स्वयंपाकघरात देव होते, म्हणून हे सगळं गच्चीवर. ज्या गच्चीवर अंडंसुद्धा शिजणार नव्हतं तिथे दोन दिवस मटणाचा कुकर शिट्ट्या देत होता. सर मटणाला हात लावत नसत. चिमटा, उलथणं, लांब दांड्याचा चमचा, एवढ्यावर भागवत. बटाटा मात्र त्यांचा जुना मित्र. "एकादशीचा माणूस आहे हा," ते म्हणाले, "याला अशा संगतीत बसवायचं जिवावर येतंय." घोटताना त्यांनी सवयीने जिऱ्याची फोडणी दिली. मला तो बटाटा उपासाच्या भाजीसारखा लागला तेव्हा मी तसं सांगितलं. त्यांनी तो मांजरांना वाढला आणि नवे बटाटे उकडायला ठेवले.

"आता सांगा."

मी चमचाभर तोंडात घातलं. कराडकडच्या माणसाला तिखटावाचून मटण म्हणजे लग्नात नवरदेव नसण्यासारखं. पण ते माझ्यासाठी नव्हतंच. "चांगलं झालंय," मी म्हटलं आणि जीभ चावली. "खिमा मऊ. पाणी जरा जास्त. बटाटा वरून सुकलाय, आतून ठीक."

"ही कामाची गोष्ट," म्हणून त्यांनी परत शेगडी पेटवली.

ताट आम्ही दोघं मिळून खाली घेऊन गेलो. वास खोलीत शिरला तशी काकूंनी मान वळवली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललेलं मी पाहिलं.

"काय हाय?" त्यांनी विचारलं.

"मटण आहे," सर म्हणाले. ते परीक्षेचा निकाल सांगायला आल्यासारखे ताठ उभे होते. "तुमच्यासाठी केलंय."

काकूंचे डोळे भरले. त्यांनी तोंड उघडलं. मी चमचा पुढे केला. मग मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "बोकडाचं का?"

"हो तर. बोकडाचं, मांडीचं, एक नंबर!" सर अभिमानाने म्हणाले.

काकूंनी तोंड मिटलं आणि भिंतीकडे वळल्या.

सरांनी दोष बटाट्याला दिला. दुसऱ्या दिवशी लोणी वाढवलं, गाजर किसून घातलं, वरून काट्याने रेघा ओढून लालसर रंग आणला. शेफर्ड्स पाय असा देखणा झाला की मोबाइलमधल्या बाईने मान खाली घालावी. खाली नेला. काकूंनी वास घेतला, डोळे मिटले, "नको." सर ताट घेऊन वर आले आणि टेबलाशी नुसते बसून राहिले. सोमवार दोन दिवसांवर आला होता.

मी खाली गेले. काकूंच्या जवळ बसले, त्यांचा चांगला हात हातात घेतला. म्हटलं, "काकू, मामा म्हणाले तुम्हाला आवडतं. मग का हो नको?"

 मग जड जिभेने, शब्द एकेक उचलून ठेवावा तशा बोलल्या. "आमच्या माहेरात बोलाईचं देव. आम्हाला बोकड चालत नाय. मेंढीचं चालतं. बोलाईचं."

मला हे ऐकून माहीत होतं. नगर-सिन्नर पट्ट्यात कितीतरी घरं आहेत, ज्यांच्यात बोलाई देवी आहे आणि जी फक्त मेंढीचंच मटण खातात. त्यांच्यासाठी दुकानंसुद्धा वेगळी असतात, तशी पाटी लावलेली. मामांनी सांगितलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ते सांगायची गोष्टच नव्हती. त्यांच्या घरात मटण म्हटलं की तेच.

"मग सरांना कधी सांगितलं नाहीत?"

"लग्नाच्या वर्षी सासूबाईंना सांगितलं व्हतं. त्या म्हणल्या, आपल्यात बोकडच शिजतं, खायचं तर खा. मंग मी शिजवायचे. खायचे नाय. मंग ह्यांनी सोडलंच." त्या थांबल्या. "ह्यांनी कधी इचारलं नाय. ह्यांनी बघितलं, मी खात नाय. झालं."

सर दारात उभे होते. कधी आले ते कळलं नाही. आपल्या गावचं, देवळ्याकडचं बोलणं त्यांनी शाळेत नोकरीला लागल्यापासून घासून पुसून टाकलं होतं, पण त्या क्षणी ते परत आलं. "माले काय माहीत!" ते म्हणाले, आणि खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. एवढा निरीक्षण करणारा माणूस. बायको घरात मटण खात नाही, हे त्यांनी अगदी बरोबर पाहिलं होतं. त्यावरून काढलेलं अनुमान मात्र चाळीस वर्षं साफ चुकीचं होतं, आणि ते त्यांनी गावभर अभिमानाने सांगितलं होतं. मला त्यांची कीव आली. त्याहून जास्त काकूंचा राग आला, की बाई, एवढं गिळून बसायचं कशाला? आणि मग माझं मलाच कळलं की हा राग काकूंवरचा नाही, त्यांना कधीच न विचारणाऱ्या घरावरचा आहे.

रविवारी सकाळी सर छत्री न घेता बाहेर पडले. विद्यार्थ्याच्या दुकानात जाऊन सरळ विचारलं, "बोलाईचं कुठे मिळतं?" त्या मुलाने आपली गिऱ्हाइकं सोडून त्यांना स्कूटरवर बसवलं आणि दुसऱ्याच्या दुकानात नेलं. पाटी वाचून, दुकानदाराला तीनतीनदा विचारून, समोर उभं राहून त्यांनी खिमा दळून घेतला. मला हे त्यांनी स्वतः सांगितलं नाही, त्या मुलाने नंतर सांगितलं. "सर एवढे कधी घाबरलेले बघितले नव्हते," तो म्हणाला.

गच्चीवर त्या दिवशी कोट नव्हता. उद्देश, साहित्य यातलं काही नव्हतं. सर नुसते शिजवत होते. कांदा परतला, खिमा टाकला, मिरपूड घातली, झाकण ठेवलं. बटाट्याला फोडणी द्यायला हात गेला आणि मागे आला. मी चव बघितली. या वेळी त्यांनी मला काही विचारलंच नाही. ओव्हनच्या काचेतून वरचा थर हळूहळू पिवळा, मग तांबूस होताना बघत आम्ही दोघं उन्हात बसून होतो. जिन्याच्या कठड्यावर मांजर आलेत हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नाही.

"तुम्ही न्या," ते म्हणाले.

"तुम्ही चला की."

"नको. मी समोर असलो की ती नाही म्हणते. तुम्ही द्या. मी जिन्यात थांबतो."

मी ताट घेऊन आत गेले. काकूंना म्हटलं, "बोलाईचं आहे. सर स्वतः जाऊन बघून घेऊन आलेत."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलतेय का ते बघत होत्या. मग तोंड उघडलं. मी चमचा पुढे केला, पण ओढलेल्या बाजूने तो दाताला लागला आणि सगळं हनुवटीवरून पदरावर सांडलं. पुन्हा केला, पुन्हा तेच. 

"हे कुठंयत?" काकूंनी विचारलं.

"जिन्यात."

"बोलवा त्यांना."

सर आत आले.  काकू म्हणाल्या, "चमच्यानं सांडतंय. हातानं भरवा."

ते क्षणभर ताटाकडे बघत राहिले. मग मोरीत गेले, कोपरापर्यंत हात धुतले, आले आणि पलंगाच्या कडेला बसले. वरणभात कालवतात तसा त्यांनी बोटांनी खिमा आणि बटाटा एकत्र कालवला, छोटा घास केला. तो गरम तर नाही ना, हे बघायला त्यांनी तो सरळ स्वतःच्या ओठाला लावला. आपण काय केलं हे त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. मग काकूंच्या तोंडाच्या चांगल्या बाजूने त्यांनी तो घास आत ठेवला आणि अंगठ्याने त्यांचा ओठ पुसला.

काकू बराच वेळ तो घास तोंडात घोळवत राहिल्या. आम्ही दोघं त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. गिळला. ठसका लागला नाही.

"मीठ कमी हाय," काकू म्हणाल्या.

सर लगेच उठायला लागले, मीठ आणायला. काकूंनी चांगल्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या. बसा हितं," त्या म्हणाल्या. "दुसरा घास द्या."